कपाटातल्या पत्रावर हक्क कोणाचा?

फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण या भागांतल्या जुन्या घरांत एखादे पत्र खास पाहुण्यांना दाखवण्यासाठी राखून ठेवलेले आढळते. ते बहुधा प्रत्यक्ष थोर माणसाचे नसते. त्याच्या धाकट्या भावाचे, पुतण्याचे, मेहुण्याचे, विधवा वहिनीचे किंवा मुलीचे असते. पण आडनाव तेच असते आणि दाखवणाऱ्याचे बोट आधी सहीवर जाते. ‘हे त्यांच्या सख्ख्या भावाचे अक्षर’ असे सांगून झाले की पत्र पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटात जाते. मजकूर वाचून दाखवण्याचा आग्रह क्वचितच होतो, आणि ऐकणाराही तो करीत नाही.

अशा पत्रांचे काय करावे, हा प्रश्न वरवर कौटुंबिक दिसतो. माझ्या मते तो सार्वजनिक आहे, आणि गोव्यापुरते बोलायचे तर तातडीचाही आहे. मूळ कागद घराने खुशाल आपल्याकडे ठेवावा; परंतु त्याची नीट काढलेली प्रत आणि त्यात आलेल्या माणसांची ओळख पटवणारी टिपणे सार्वजनिक संग्रहात जमा झाली पाहिजेत, आणि ती जमा होण्याची सोय घरोघर जाऊन करणे हे राज्याच्या पुराभिलेख खात्याचे काम मानले पाहिजे. ‘आमच्या पूर्वजांचे पत्र आम्ही का द्यावे’ हा एका बाजूचा सूर आणि ‘असले कागद सरकारजमाच व्हायला हवेत’ हा दुसऱ्या बाजूचा सूर, हे दोन्ही मला सारखेच चुकीचे वाटतात.

आधी अशा पत्रांच्या मोलाविषयी. नाव झालेल्या माणसाला एका टप्प्यानंतर ठाऊक असते की आपला कागद जपला जाणार आहे, आणि मग त्याच्या पत्रातही व्यासपीठाचा सूर उतरतो. घरच्या माणसावर असे कसले ओझे नसते. त्याला औषध मागवायचे असते, उसने घेतलेले पैसे कधी परत करू ते कळवायचे असते, लग्नाची बोलणी कुठवर आली ते विचारायचे असते, आणि या सगळ्याच्या मध्ये, सहज, तो थोर माणूस घरात कसा वागतो हे लिहून जाते. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली म्हणून जी तीन पत्रे प्रसिद्ध आहेत, ती १८५६, १८६८ आणि १८७७ या वर्षांची. त्यांतल्या पहिल्या पत्रात, माहेरी आजारपणात पडलेल्या सावित्रीबाई भावाने काढलेल्या उण्या शब्दांची हकिगत सांगतात आणि जाता जाता फातिमेला कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे लिहितात. जोतीरावांच्या चळवळीत राबलेल्या एका बाईविषयी बोलताना आज अभ्यासकांना त्या ओळीपाशी यावे लागते. ओतूरहून लिहिलेल्या तिसऱ्या पत्रात दुष्काळाने माणसे गाव सोडून चालल्याचे चित्र आहे. जोतीरावांची थोरवी सांगणे हा या पत्रांचा हेतूच नव्हता, आणि म्हणूनच ती जोतीरावांविषयी इतके सांगतात.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. चित्रकार व्हिन्सेन्ट व्हॅन गॉगने लिहिलेली ८०० हून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्याला आलेली जेमतेम ८३ उरली आहेत. कारण साधे होते. भाऊ थिओ पत्रे जपून ठेवणारा होता आणि व्हिन्सेन्ट नव्हता. १८९० मध्ये व्हिन्सेन्ट आणि पुढच्याच वर्षी थिओ गेल्यावर थिओची विधवा योहाना हिने ती पत्रे सांभाळली, लावली आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. जगाला तो चित्रकार माणूस म्हणून कळला तो एका भावजयीच्या चिकाटीमुळे. तरीही दोन भावांच्या त्या संवादात एकाचाच आवाज भरभरून ऐकू येतो, दुसऱ्याचा तुटक.

आपल्याकडे धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण जवळचे आहे. साखवाळच्या या गृहस्थाने बौद्ध धर्माच्या ओढीने १८९९ च्या अखेरीस घर सोडले, आणि पुढे सिलोन, ब्रह्मदेश, हार्वर्ड असा त्यांचा प्रवास झाला. तो त्यांनी स्वतः मराठीत लिहून ठेवला आहे आणि मोठ्या प्रांजळपणे लिहिला आहे. पण घर सोडून जाणाऱ्याची कहाणी आणि तान्ह्या मुलीसह मागे राहिलेल्या बाळाबाईंची कहाणी एक नव्हे. मागे राहिलेल्यांची कहाणी कोणी आत्मचरित्रात लिहीत नाही; ती एखाद्या आत्तेला, एखाद्या दिराला लिहिलेल्या चार ओळींत असते. गोव्यातल्या प्रत्येक मोठ्या नावामागे असे मागे राहिलेले घर आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीत तर हे आणखी तीव्रतेने जाणवते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण १९५५ मध्ये पकडलेले मोहन रानडे १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. मुक्तीचे उत्सव साजरे होत असताना ज्यांच्या घरचा माणूस लिस्बनजवळच्या कोठडीत होता, त्या घरांनी आप्तांना काय लिहिले असेल, हे सरकारी दफ्तरात शोधून मिळणार नाही.

सरकारी दफ्तराची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. गोव्याचे अभिलेखागार हे देशातल्या सर्वांत जुन्या अभिलेखागारांपैकी एक. १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कौतु याच्याकडे ते सोपवण्यात आले, तेव्हापासून राज्यकर्त्यांचा कागद तिथे साठत गेला. पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांबरोबर लिस्बनशी चाललेला पत्रव्यवहार तिथे बांधील ग्रंथांत आहे, सल्लागार मंडळाचे निर्णय आहेत, देवळे पाडल्यानंतर त्यांच्या जमिनींच्या केलेल्या नोंदी आहेत. पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी या दफ्तरात हयात घालवून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास उभा केला, तो याच कागदांच्या बळावर. परंतु राज्यकर्त्याने जपलेल्या कागदात प्रजा येते ती करदाती, आरोपी किंवा अर्जदार म्हणून. घरात ती कशी बोलत होती हे कळायचे तर घरातलाच कागद हवा, आणि तो चार शतकांच्या त्या दफ्तराबाहेर, कपाटांत आणि पेटाऱ्यांत पडून आहे.

शिवाय गोव्यातल्या हिंदू घरांची एक खासियत अशी की घरात बोलणे कोंकणीतून आणि पत्र मराठीतून. त्यामुळे पत्राचा मायना ‘तीर्थरूप’ किंवा ‘कृ. सा. न. वि. वि.’ असा शिस्तीचा, चार ओळी पुस्तकी, आणि विषय कुळागराचा (पोफळीच्या बागेचा), भाटाचा (माडांच्या बागायतीचा) किंवा मानायांचा (शेतावरच्या गड्यांचा) निघाला की भाषा आपोआप घरची होते. कोर्टकचेरीचा उल्लेख आला की पोर्तुगीज शब्द देवनागरीत उतरतात. तीन भाषांत वावरणाऱ्या समाजाचे असे नमुने छापील साहित्यात मिळत नाहीत, कारण छापताना संपादकाने ते सरळ केलेले असतात.

फोंडा तालुक्यातल्या एका घरी मी पाहिलेल्या पत्राचे वर्णन इथे करतो, म्हणजे जपणूक म्हणून आपण काय करतो ते ध्यानात येईल. एका नामवंत नाट्यगायकाच्या धाकट्या भावाने आपल्या चुलतबहिणीच्या यजमानांना लिहिलेले हे पत्र, पातळ कागदावर, टाकाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. घरच्यांनी ते लाकडी चौकटीत काचेखाली बसवले आहे. बसवताना ते सुटू नये म्हणून मागची बाजू डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवली. पुढच्या बाजूला आईच्या औषधाचा खर्च आहे, बेळगावला कंपनीचे पगार थकल्याची बातमी आहे, पेटीवाल्याला द्यायच्या पैशांची विवंचना आहे, आणि शेवटची ओळ अशी: ‘दादांच्या आवाजाविषयी लोक काहीही बोलोत, खरी गोष्ट अशी की’. पान तिथे संपते. खरी गोष्ट पुठ्ठ्याला चिकटलेली आहे आणि गेली कित्येक वर्षे भिंतीवर टांगलेली आहे. पाकीटही आहे, पण त्यावरचे पोर्तुगीज इंडियाचे तिकीट घरातल्याच एका मुलाने आपल्या संग्रहासाठी कापून घेतले, आणि तिकिटाबरोबर टपालाचा शिक्का गेला. पत्रावर ‘आषाढ शुद्ध ११’ एवढेच आहे. वार लिहिला असता तर पंचांगांवरून वर्षाचा अंदाज बांधता आला असता, तोही नाही. म्हणजे हे पत्र गायकाच्या उमेदीच्या काळातले की पडत्या काळातले, हे आता ठरवता येत नाही, आणि पगार थकल्याच्या बातमीचा अर्थ तर त्यावरच अवलंबून आहे.

या घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी पत्र जपले आहे, कित्येकांनी बंबात घातले. आपल्याला जपायला शिकवले गेले ते नाव, आणि त्यांनी नाव उत्तम जपले आहे. सहीचा भाग काचेखाली अगदी स्वच्छ दिसतो.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. कागद आपण समजतो त्याहून चिवट असतो. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातो, कसर आणि वाळवी आपले काम करतात, तरी चांगला कागद कोरड्या जागी शंभर वर्षे सहज काढतो. त्याच्याआधी संपते ती माहिती. वरच्याच पत्रात ‘नानांची थोरली’, ‘वाड्यावरची मंडळी’ आणि ‘तो पणजीचा’ असे तीन उल्लेख आहेत. हे तिघे कोण, हे त्या घरात आता फक्त एका वृद्ध आजींना सांगता येते. त्यांनी मला सांगितले, आणि सांगताना ‘तो पणजीचा’ याच्या बाबतीत थोडे हसून विषय बदलला, यावरून तिथेही काही असावे. त्यांच्या पश्चात हे पत्र अक्षरशः वाचता येईल आणि कळणार नाही. कोणत्याही प्रयोगशाळेत ही हानी भरून निघत नाही. म्हणून पत्र सांभाळायचे म्हणजे आधी त्यातल्या माणसांची नावे, नाती आणि गावे लिहून घ्यायची. कागदाचे उपचार नंतर केले तरी चालतील.

उपचारांविषयी थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. लॅमिनेशन करू नये. ते उष्णतेने चिकटते आणि कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही. सेलोटेप पिवळी पडते आणि डाग ठेवते. भिंतीवरचे ऊन शाई उडवते. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, घड्या उलगडून, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवलेले पत्र पुष्कळ टिकते. भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात फिरते तेव्हा ते आकुंचित होऊन फिरते, आणि चार दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. त्याला जतन म्हणता येणार नाही.

आता हक्काचा प्रश्न. कायद्याच्या दृष्टीने पत्रात दोन मालमत्ता असतात. कागद ज्याला पत्र आले त्याचा आणि त्याच्या वारसांचा. मजकुरावरचा लेखाधिकार (कॉपीराइट) मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यानुसार हा अधिकार सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लिखाणाच्या बाबतीत ती साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजली जातात. म्हणजे थोर माणसाच्या भावाचे पत्र ज्यांच्या कपाटात आहे त्यांना ते विकता येईल, देता येईल, दुर्दैवाने फाडताही येईल. परंतु ते छापण्याचा अधिकार त्यांना आपोआप मिळत नाही. पुष्कळ कुटुंबांना हे माहीत नसते आणि स्मरणिकेत पत्र छापून मोकळी होतात. याच कायद्यात एक अपवाद आहे आणि माझ्या मुद्द्याला तो फार उपयोगी आहे. जनतेला प्रवेश असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा तशा संस्थेत ठेवलेल्या अप्रकाशित लिखाणाची, संशोधनासाठी किंवा पुढे प्रसिद्ध करण्याच्या हेतूने, प्रत काढायला मुभा आहे. लेखक कोण हे माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षे उलटलेली असली पाहिजेत, इतकेच. घरातल्या कपाटाला ही सवलत नाही. दुसऱ्या शब्दांत, पत्र सार्वजनिक संस्थेत पोचले की अभ्यासकाचा मार्ग कायद्यानेच मोकळा होतो, आणि घरी राहिले की लेखकाचे सगळे वारस शोधून त्यांची संमती मिळवेपर्यंत तो अडून बसतो.

गोव्यात या गुंत्यात एक पेच अधिकचा आहे. इथे १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती, आणि आजही २०१२ च्या उत्तराधिकार व इन्व्हेंटरी कायद्याने तीच चौकट चालवली आहे. मालमत्तेतला ठराविक हिस्सा मुलांना, मुलींसकट, मिळावाच लागतो. पालकाला तो मनाला येईल तसा वळवता येत नाही. वाटणीसाठी जो इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची यादी, होतो त्यात घर, शेत, भाट, सोने, क्वचित जुनी भांडीसुद्धा येतात. पत्राचा पेटारा आलेला मी तरी पाहिलेला नाही. परिणामी कायद्याने तो सर्व वारसांच्या सामाईक मालकीचा आणि व्यवहारात मूळ घरात जो राहतो त्याचा. मुंबईला असलेल्या चुलतभावाला पत्र आहे हेच माहीत नसते, आणि माहीत झाले की तो पहिला प्रश्न विचारतो, त्याची किंमत किती येईल.

किंमत येते, हे नाकारण्यात हशील नाही. महात्मा गांधींचे दक्षिण आफ्रिकेतले स्नेही हर्मन कालेनबाख यांच्याकडचे कागद त्यांच्या आप्तांनी इस्रायलमध्ये अनेक दशके सांभाळले. त्यांत गांधीजींच्या कुटुंबीयांची पत्रेही होती. २०१२ मध्ये ते लंडनला लिलावात निघणार असे दिसल्यावर भारत सरकारने लिलावापूर्वीच विकत घेतले. गांधीजींच्या बाबतीत सरकार धावते. गोव्यातल्या एखाद्या गायिकेच्या बहिणीच्या किंवा समाजसुधारकाच्या पुतण्याच्या पत्रासाठी कोणी धावणार नाही, आणि धावावे अशी अपेक्षाही नाही. पण असे पत्र दलालाच्या हाती गेले की पहिल्यांदा त्याची संगत तुटते. पाच पत्रांची जुडी असेल तर प्रसिद्ध आडनावाची दोन विकली जातात, उरलेली तीन, ज्यांच्यावाचून त्या दोनांचा अर्थ लागत नाही, रद्दीत जातात. या व्यवहारात आडनावाची किंमत मिळते आणि पत्र नष्ट होते.

परदेशाचा प्रश्न गोव्याला इतर राज्यांहून अधिक भेडसावतो. मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते आणि त्या आधारावर साष्टी, बारदेशातली हजारो कुटुंबे युरोपात गेली आहेत. घर बंद करताना माणूस छायाचित्रे आणि कागद बरोबर घेतो, हे स्वाभाविक आहे. परंतु १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित अथवा दस्तऐवज हा पुरावशेष ठरतो, आणि तो खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. प्रत्येक घरगुती पत्र या व्याख्येत बसते असे मुळीच नाही, आणि आजीच्या पत्रासाठी दाबोळीच्या विमानतळावर कोणाची झडती घ्यावी असेही माझे म्हणणे नाही. घर बंद होण्यापूर्वी प्रत काढली गेली तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला, खाजगीपणाचा. पत्रात कर्ज असते, आजार असतो, भावाभावांतले वैर असते, आणि गोव्यासारख्या लहान प्रदेशात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. कलावंतांच्या घराण्यांबाबत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर अशी माणसे ज्या भूमीने दिली, तिथल्या संगीताचा इतिहास देवळांच्या सेवेशी बांधलेल्या घराण्यांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. त्या घराण्यांतल्या बायकांना समाजाने काय सोसायला लावले हे त्यांच्या घरगुती पत्रांत असू शकते, आणि त्यातले काय, केव्हा, कोणासमोर उघडायचे हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांच्याच वंशजांचा आहे, अभ्यासकाचा नाही. परंतु यावरचा उपाय लपवणे किंवा जाळणे हा नव्हे. जेन ऑस्टिनच्या बहिणीने तिची पुष्कळशी पत्रे जाळली आणि काहींतले मजकूर कापून काढले. हेतू प्रेमाचाच होता, तरी जे गेले ते गेले. अब्राहम लिंकनचा मुलगा रॉबर्ट याने अधिक शहाणपण दाखवले. त्याने वडिलांचे कागद १९१९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात ठेवले, अट अशी की आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते कोणासाठी उघडू नयेत. तो १९२६ मध्ये वारला. कागद १९४७ मध्ये उघडले. त्यात ज्यांची नावे होती ती माणसे तोवर टीकेच्या पलीकडे गेली होती, आणि कागद शाबूत होते. गोव्यात पंचवीस किंवा पन्नास वर्षांची अशी मुदत प्रत्येक कुटुंबाला आपल्या मर्जीने घालता आली पाहिजे, पत्रागणिक वेगळी सुद्धा.

दुसरा आक्षेप विश्वासाचा, आणि तो मला अधिक अडचणीचा वाटतो. ‘सरकारला दिले की गेले’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की ते केवळ पूर्वग्रह म्हणून झटकता येत नाही. दिलेले कागद पोत्यांत पडून राहतात, नोंद होत नाही, देणाऱ्याच्याच नातवाला पाहायला मागितले तर अर्जावर अर्ज करावे लागतात. देण्याच्या अटी स्पष्ट नसल्या तर मोठमोठ्या संस्थांतही वाद उभे राहतात. पंडित नेहरूंच्या कागदपत्रांच्या काही पेट्या २००८ मध्ये दिल्लीच्या संग्रहातून कुटुंबाकडे परत गेल्या आणि २०२४ मध्ये संस्थेने त्या परत मागितल्या. त्यात न्याय कोणाच्या बाजूला आहे हा इथला विषय नाही. कागद ‘ठेवायला’ दिले की ‘देऊन टाकले’, हे देतेवेळीच निःसंदिग्धपणे लिहिलेले नसले की तीन पिढ्यांनंतर भांडण होते, एवढे मात्र त्यातून घ्यावे.

म्हणून मूळ पत्र मागूच नये, असे मी म्हणतो. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव, घरोघर फिरून कागद मिळवले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, तेव्हा मूळ कागद हाती घेण्यावाचून त्यांना मार्ग नव्हता. जे घेतले नाही ते सडणार हे त्यांना दिसत होते. आज ती अडचण उरलेली नाही. पुराभिलेख खात्याने एक चांगले स्कॅनयंत्र, मोडी वाचू शकणारा एक माणूस आणि एक तरुण नोंदकर्ता अशी तुकडी तालुक्यांत फिरवावी. पत्र घरमालकाच्या देखत उलगडावे, दोन्ही बाजूंची आणि पाकिटाची प्रत घ्यावी, जागच्या जागी कागद परत करावा. पत्रातल्या प्रत्येक नावापुढे घरच्यांनी सांगितलेली ओळख लिहावी आणि ती सांगणाऱ्याचेही नाव नोंदवावे, कारण पुढे दोन घरांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा कोणाची कोणती हे कळावे लागते. खुले करण्याची मुदत तिथेच ठरवावी. एक प्रत कुटुंबाला, एक खात्याला, आणि कुटुंबाची हरकत नसेल तर एक पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाला किंवा पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला द्यावी, म्हणजे एकाच छपराखाली सगळे राहणार नाही. कुटुंबाला हवे असेल तर मूळ कागद नीट ठेवण्याचे पाकीट फुकट द्यावे. हा खर्च एखाद्या महोत्सवाच्या मंडपापेक्षा कमीच येईल. आणि डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवलेली पत्रे सोडवण्याचे काम जाणत्या संवर्धकाकडून करून द्यावे, याची मला व्यक्तिशः उत्सुकता आहे.

निवड कशी करावी, असे कोणी विचारील. गावागावातले प्रत्येक पत्र काही जपता येणार नाही. खरे आहे, आणि इथे आडनावाचा उपयोग करायला माझी हरकत नाही. थोर माणसाच्या आप्ताचे पत्र हे दार आहे. त्या निमित्ताने तुकडी घरात शिरते, आणि शिरल्यावर तिने त्याच पेटाऱ्यातली इतर पत्रेही पाहावीत, ज्यांवर कोणाचेच नाव प्रसिद्ध नाही. भाताचा दर, दाईची बिदागी, मुंबईच्या खोलीचे भाडे, देवीच्या साथीत गेलेली मुले या गोष्टी तिथेच सापडतील. माझी अपेक्षा अशी आहे की कालांतराने अभ्यासक त्या पत्रांसाठी येतील आणि भिंतीवरच्या चौकटीकडे सवडीने पाहतील.

राहिला वेळेचा प्रश्न. सामाईक मालकीमुळे करारावर सर्व वारसांच्या सह्या लागतील, आणि मुंबई, पुणे, लिस्बन, इंग्लंडातल्या स्विंडनला पांगलेले वारस मूळ घरात एकत्र सापडतात ते चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांतच. त्या पाच-सात दिवसांत गणपतीवर फळाफुलांनी सजवलेल्या माटोळीखाली सगळे बसलेले असतात, म्हाताऱ्या आत्या आलेल्या असतात, आणि ‘नानांची थोरली’ कोण हे त्यांतल्या एखादीला नक्की ठाऊक असते. सरकारी कार्यालये नेमकी तेव्हा बंद असतात. खात्याने आपल्या कर्मचाऱ्यांची चवथ मोडावी असे मी म्हणणार नाही. पण सणाच्या आधी करारपत्राचे कोरे नमुने पंचायतींकडे पोचवता येतील, सह्या आणि नावांची टिपणे घरच्यांनीच त्या दिवसांत करून ठेवावीत आणि तुकडीने दसऱ्यानंतर, पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की, यंत्र घेऊन यावे.